लहान पाटीवरील चलच्चित्र

ज्या यंत्राला धड एक मराठी वाक्यही पडद्यावर उमटविता येत नाही, त्याच्यावर चित्रपट दाखविण्याचा खटाटोप कोणी व कशासाठी करावा, असा प्रश्न एखाद्या सुजाण पालकाने विचारला तर तो अस्थानी म्हणता येणार नाही. आज घराघरांतील भ्रमणध्वनीवर हवा तो चित्रपट हव्या त्या वेळी पाहावयास मिळतो. अशा काळात चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती संगणक माळ्यावरून खाली काढायचा, त्याच्यावरील धूळ झटकायची आणि आजचे अंकीय चलच्चित्र छाटून, कातरून, पिळून त्याच्या चिमुकल्या स्मृतीत बसवायचे, हा उद्योग वरवर पाहता रिकामटेकडेपणाचाच वाटेल. तथापि हा उद्योग आपल्या शाळांतून अवश्य व्हावा असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी आधी थोडा हिशेब मांडावा लागेल. हिशेबाचा कंटाळा असणाऱ्या वाचकांनीही एवढी पाने धीर धरून वाचावीत. आकडे मोठे असले तरी गणित इयत्ता सातवीच्या पलीकडचे नाही.

ज्या यंत्राविषयी मी लिहीत आहे ते म्हणजे स्पेक्ट्रम. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने ते इंग्लंडात १९८२ साली बाजारात आणले. १९८६ साली डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने त्याचीच सुधारलेली आवृत्ती परवान्याने आपल्या देशात विकावयास काढली. दूरचित्रवाणीचा संच हा त्याचा पडदा आणि गाण्यांची कॅसेट हेच त्याचे पुस्तक. त्याच सुमारास, म्हणजे १९८४ साली, केंद्र सरकारने शाळांतून संगणक-साक्षरतेची योजना सुरू केली व सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो नावाची यंत्रे पाठविली. आज पन्नाशीच्या पुढे असलेल्या कित्येक गृहस्थांनी संगणकाचे पहिले दर्शन या दोहोंपैकी एखाद्या यंत्राच्या रूपाने घेतले असेल. पुढे नवी यंत्रे आली, जुनी कपाटात गेली आणि कपाटे आवरण्याची वेळ आली तेव्हा ती वजनावर विकली गेली. जी उरली आहेत त्यांचेही भवितव्य भंगारवाल्याच्या तराजूत लोंबकळत आहे.

आता हिशेब. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आडवी २५६ व उभी १९२, म्हणजे एकूण ४९,१५२ टिंबे असतात. टिंब एक तर पेटलेले किंवा विझलेले. आठ टिंबांची एक पुडी बांधली की तिला बाइट म्हणतात. म्हणून संपूर्ण पडद्यास ६,१४४ बाइट लागतात. रंगांची नोंद निराळी, ती ७६८ बाइटांची. एवंच एका चित्राचे वजन ६,९१२ बाइट. आजच्या चांगल्या प्रतीच्या चलच्चित्राचे एक चित्र घ्या. त्यात आडवी १,९२० व उभी १,०८० टिंबे, आणि प्रत्येक टिंबाच्या रंगासाठी तीन बाइट. गुणाकार केल्यास ६२,२०,८०० बाइट होतात. या संख्येला ६,९१२ ने भागून पाहा. उत्तर बरोबर ९०० येते, बाकी शून्य! निसर्गाने नव्हे तर निव्वळ योगायोगाने घातलेले हे गणित मला फार आवडते. नऊशे भागांतील एक भाग ठेवायचा आणि आठशे नव्व्याण्णव टाकायचे, तरीही पाहणाऱ्यास हरिश्चंद्र हरिश्चंद्रच वाटला पाहिजे व तारामती तारामतीच!

यंत्राची एकूण स्मृती ४८ किलोबाइट, म्हणजे ४९,१५२ बाइट. पडद्यावर जितकी टिंबे तितकेच स्मृतीत बाइट. तीत अशी पूर्ण चित्रे फार तर सात मावतील, आणि तीही आज्ञावलीस जागा न ठेवता. चित्रपटात सेकंदास २४ चित्रे डोळ्यांपुढून जातात. तेव्हा सात चित्रे म्हणजे पापणी लवण्याइतका वेळ. बरे, कॅसेटवरून एकेक चित्र आणीत राहावे म्हटले तर कॅसेटचा वेग सेकंदास सुमारे १,५०० टिंबे इतका आहे. एका चित्राला चाळीस सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. ज्यांनी त्या काळी हा प्रकार पाहिला आहे त्यांना आठवत असेल, की कर्कश आवाज चालू असताना पडद्याच्या वरच्या तृतीयांशात मध्ये मध्ये जागा सोडून रेघा उमटत, मग त्यांच्यामधल्या जागा भरत, मग मधला भाग, मग खालचा. आणि चित्र काळ्यापांढऱ्यात पूर्ण झाल्यावर अखेरच्या चार-पाच सेकंदांत वरपासून खालपर्यंत रंग सरकत येई. सेकंदास केवळ आठ चित्रे आणि तीही बिनरंगी दाखवायची ठरविली, तरी एका मिनिटाच्या चित्रपटास २९ लाख ४९ हजार १२० बाइट हवेत. ते कॅसेटवर भरण्यास चार तास बावीस मिनिटे लागतील. साठ मिनिटांच्या चार कॅसेटी भरून पाचवी लागेल. म्हणजे आधी टाकाटाकी करावी लागणार. या विषयाचा खरा प्राण तेथेच आहे, कारण काय ठेवायचे व काय टाकायचे हे यंत्र ठरवीत नाही, करणाऱ्याला ठरवावे लागते.

या निवडीचा एक जुना आणि आपल्या बडोद्याशी नाते असलेला दाखला आहे. धुंडिराज गोविंद फाळके १८९० साली बडोद्यास येऊन कलाभवनात दाखल झाले. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने उभी राहिलेली ती संस्था पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र शाखेत विलीन झाली. तरी ‘कलाभवन’ हे नाव बडोदेकरांच्या तोंडून गेलेले नाही. तेथे फाळके चित्रकलेबरोबर छायाचित्रणात रमले. त्यानंतर बावीस वर्षांनी, १९१२ साली, हाती नवा चलच्चित्र-कॅमेरा आल्यावर त्यांनी पहिल्यांदा देवादिकांचे चित्र घेतले नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा पुढ्यात रोखून ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपली. दाखविताना ती सारी वाढ मिनिटभरात आटोपली. महिनाभरातील बहुतेक सर्व क्षण फाळक्यांनी टाकून दिले, आणि टाकून दिले म्हणूनच वाटाण्याचा अंकुर हलताना दिसला. सगळे क्षण ठेवले असते तर पाहणाऱ्याला एक कुंडी दिसली असती, दुसरे काही नाही. लहान यंत्रावर चलच्चित्र बसविणाऱ्याचे कामही जातीने हेच आहे.

टिंबांचा प्रश्न घ्या. स्पेक्ट्रमवरील टिंब काळे किंवा पांढरे. करडा रंग त्याला ठाऊक नाही. मग तारामतीच्या गालावरील छाया दाखवायची कशी? या प्रश्नाचे उत्तर संगणकाच्या आधी छापखान्याने शोधून ठेवले आहे. याच वार्षिकातील एखादे छायाचित्र भिंगातून पाहा. जेथे छाया दाट तेथे शाईचे ठिपके मोठे, जेथे उजेड तेथे बारीक. करडी शाई म्हणून कोठेच नाही. फाळके चित्रपटांकडे वळण्यापूर्वी छपाईचे ठसे बनविण्याच्या धंद्यात होते हे ज्यांना माहीत आहे त्यांना या साम्याची गंमत वाटेल. आपल्या घरांतून तर ही विद्या उंबऱ्यावरच वसते. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी ठिपके ठरतात, मागून आकृती येते.

संगणकावर ठिपके पेरण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिलीत ठिपक्यांचा एक ठरावीक साचा संपूर्ण चित्रावर घालतात व प्रत्येक जागी ‘येथे उजेड साच्यातील आकड्याहून अधिक आहे की कमी’ एवढेच विचारतात. दुसरीत एका टिंबापाशी झालेली चूक पुढच्या व खालच्या टिंबांत वाटून टाकतात. फ्लॉइड व स्टाइनबर्ग या दोघांनी ही रीत १९७६ साली प्रसिद्ध केली. स्थिर चित्रात दुसरी रीत निःसंशय सरस. चेहरा मऊ दिसतो, साच्याची जाळी दिसत नाही. परंतु चित्र हलू लागले की नेमकी उलट गोष्ट घडते. एका कोपऱ्यात पान हलले की त्या चुकीची वाटणी पसरत जाते आणि जेथे काहीच हललेले नाही तेथील ठिपकेही जागा बदलतात. सगळे चित्र मुंग्यांनी भरल्यासारखे वळवळते. पहिल्या रीतीत भिंत जागेवर असेल तर भिंतीचे ठिपकेही जागेवर राहतात. त्याचा दुसरा लाभ असा, की मागील चित्रात व पुढील चित्रात जेवढा फरक तेवढाच साठवला तरी चालते, आणि ठिपके स्थिर असल्याने तो फरक थोडका असतो. सुंदर ते सोडून सोयीचे ते का घ्यावे लागते, हे विद्यार्थ्याला असे डोळ्यांनी दिसते. दहा व्याख्यानांनी जे पटत नाही ते वळवळणाऱ्या भिंतीकडे एकदा पाहिले की पटते.

रंगांविषयी थोडक्यात सांगतो, कारण माझ्या मते या कामी रंगांच्या वाटेस जाऊच नये. स्पेक्ट्रमजवळ आठ रंग आहेत व ते मंद आणि तेजस्वी अशा दोन प्रकारे दिसतात. काळा दोन्हींत काळाच, म्हणून पंधरा. पण आठ बाय आठ टिंबांच्या एका चौकटीत दोनच रंग वापरता येतात. हिरवी साडी नेसलेली बाई पिवळ्या भिंतीपुढून चालू लागली, की साडीचा हिरवा भिंतीला लागतो आणि भिंतीचा पिवळा साडीला. स्थिर चित्र जपून रंगविता येते. चालत्या चित्रात हसे होते. मात्र या दोषाला हसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आजच्या भ्रमणध्वनीवरील चलच्चित्रातही उजेड-अंधाराचा तपशील बारकाईने राखलेला असतो आणि रंगाचा तपशील सामान्यतः त्याच्या चौथाईनेच ठेवलेला असतो, कारण मानवी डोळा उजेडाला तिखट आणि रंगाला काहीसा मंद आहे. तत्त्व तेच, जुन्या यंत्रात ते उघडे पडते आणि नव्यात झाकलेले राहते, इतकेच.

हे झाकलेपणच मला खुपते. आपली मुले दिवसभर चलच्चित्रे पाहतात, काढतात, एकमेकांस धाडतात. धाडताना त्यातील किती भाग गळून गेला याची त्यांना वार्ताही नसते. ते तेथल्या तेथे उलगडणारा स्वतंत्र भाग यंत्रात बसविलेला असतो आणि तो इतका तत्पर असतो की त्याच्याशी कधी ओळखच होत नाही. उलट स्पेक्ट्रमचा मेंदू सेकंदास ३५ लक्ष टिकटिकी करतो आणि एक बाइट एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्यास त्याची गठ्ठा हलविण्याची आज्ञा २१ टिकटिकी घेते. पूर्ण पडदा, म्हणजे ६,९१२ बाइट, हलविण्यास १,४५,१५२ टिकटिकी. भागाकार केला तर सेकंदास चोवीसच्या किंचित वर येतो. चित्रपटाची नेमकी गती! पण यंत्राने दुसरे काहीही करायचे नाही, कळफलकाकडेही पाहायचे नाही, अशा अटीवर. आणि पडदा रंगविणारा भाग मध्ये मध्ये स्मृतीची वाट अडवितो, म्हणून प्रत्यक्षात तेवढीही गती साधत नाही. ज्या मुलाने हा भागाकार स्वतः केला, त्याला नव्या यंत्राचा पराक्रम काय आहे हे कळले. इतरांना तो पराक्रम नळाच्या पाण्यासारखा वाटतो.

आता आक्षेप. “अहो गुरुजी, दहावीचे वर्ष तोंडावर असताना हे खूळ कशाला?” असे कोणी म्हणेल. दहावीच्या वर्षी नकोच, आठवी-नववीत करावे. आणि हे काम एकट्याचे नव्हे. एकाने चित्रे काढावीत, दुसऱ्याने आकडेमोड करावी, तिसऱ्याने अक्षरे रेखाटावीत.

अक्षरांचा प्रश्न आपल्या मराठी शाळांच्या दृष्टीने तर विशेष रोचक आहे. या यंत्रात अक्षरासाठी आठ बाय आठ टिंबांची चौकट आहे. तीत इंग्रजी अक्षर सुखाने बसते. पण आपल्या ‘कौ’ला डोक्यावर मात्रा हवी, ‘कू’ला पायाशी ऊकार हवा, शिवाय शिरोरेषा आहेच. आठ टिंबांच्या उंचीत हे सगळे कोंबले की ‘घ’ आणि ‘ध’ जुळे भाऊ होतात. वापरणाऱ्याने स्वतः घडवावयाच्या अक्षरांसाठी २१ जागा राखलेल्या आहेत. आपली व्यंजने देखील त्यात मावत नाहीत, मग जोडाक्षरांचे नावच नको. सोळा टिंबांची उंची घेऊन प्रत्येक शब्द चित्र म्हणून काढावा हाच मार्ग उरतो. मूकपटांतील लिखित पाट्या बदलून घेतानाही हेच करावे. पाटीवर ठिपक्यांचा साचा घातला की अक्षरांच्या कडा कुरतडल्या जातात. पाट्या वेगळ्या काढून, उजेडाची एकच सीमा ठरवून, निखळ काळ्यापांढऱ्या कराव्यात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्या यंत्राचे सोंग हुबेहूब वठविणाऱ्या आज्ञावल्या आजच्या संगणकावर फुकट चालतात. मग खरे यंत्र कशाला हवे? मला हे बरेचसे मान्य आहे. ज्या शाळेजवळ यंत्र नाही तिने सोंगावरच सुरुवात करावी. त्याने गणित बिघडत नाही. यंत्रासाठी भरमसाट पैसे मोजणे तर मला मुळीच पसंत नाही. परंतु जेथे यंत्र आहे, कपाटात पडून का होईना आहे, तेथे ते मोडीत घालू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सोंगात वेळ फुकट मिळतो. एका कळीने कॅसेट क्षणात भरते. खऱ्या यंत्रापुढे वाट पाहावी लागते, आणि चाळीस मुले तीन मिनिटे एका काळ्या पडद्याकडे टक लावून बसली आहेत असे दृश्य आजच्या शाळेत दुर्मिळ आहे. मात्र एक सूचना पालकांसाठी. यंत्राचा जुना वीज-पुरवठा जाणकाराकडून तपासून घेतल्याखेरीज जोडू नये आणि जुन्या पद्धतीचा दूरचित्रवाणी-संच मुलांनी कधीही उघडू नये. बंद केल्यावरही त्यात जबर वीज साठून राहिलेली असू शकते.

परदेशात या उद्योगाचे हौशी लोक पुष्कळ आहेत. अमेरिकेतील जिम लिओनार्ड यांनी १९८१ सालच्या आयबीएम संगणकावर २००४ साली आवाजासह चलच्चित्र चालवून दाखविले. त्यासाठी त्यांनी चित्राच्या पडद्याचा नाद सोडून अक्षरांच्या पडद्यावर अक्षरांच्याच तुकड्यांतून चित्र उभे केले. दहा वर्षांनी, २०१४ साली, तेच काम त्यांनी प्रत्यक्ष चित्राच्या पडद्यावर, फक्त बदललेला भाग पाठविण्याच्या युक्तीने साधले. त्या दहा वर्षांत यंत्र तसूभरही सुधारले नव्हते. सुधारला होता तो माणूस. तथापि या मंडळींत कित्येकदा ‘माझे यंत्र तुझ्याहून लहान, माझी चित्रे तुझ्याहून अधिक’ अशी चढाओढ लागते, मेमरी-कार्डे जोडून तासतासांचे चित्रपट चालविले जातात. तो मल्लखांब त्यांना लखलाभ असो. शाळेला त्याची गरज नाही.

शाळेला ज्या परंपरेची आठवण हवी ती घरचीच आहे. १९१० साली सयाजीराव महाराजांनी बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. त्या खात्यात पुस्तकांच्या फिरत्या पेट्यांबरोबर दृश्य-शिक्षणाचीही एक शाखा होती. जादूचे कंदील, दुहेरी चित्रे दाखविणारी भिंगे आणि चलच्चित्राचे यंत्र घेऊन तिची माणसे खेडोपाडी जात व ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही चित्र दाखवीत. चावडीपुढे टांगलेला पडदा काही राजवाड्यातील नाट्यगृहाइतका मोठा नव्हता. कंदिलाचा उजेडही मर्यादित. तरी जे नेता येईल ते नेले. जवळ असलेल्या साधनात जितके मावेल तितके नीट निवडून बसवावे, ही बुद्धी त्या कामात होती. आज आपल्यापाशी साधने इतकी आहेत की निवडण्याची सवयच मोडत चालली आहे.

येथे एक इशारा देणे अगत्याचे वाटते, कारण या उद्योगातून एक गैरसमज जन्मू शकतो. छाटलेले चित्र म्हणजे जतन केलेले चित्र नव्हे. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. त्याच्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे एवढीच आज उपलब्ध आहेत, आणि तीसुद्धा १९१७ साली फाळक्यांनी नव्याने काढलेल्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. पुण्यास १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने ती सांभाळली म्हणून आपण आज त्यांची नक्कल करू शकतो. त्या चित्रपटाचा स्वामित्वाधिकार केव्हाच संपलेला असल्याने शाळेने तो स्पेक्ट्रमवर चढविण्यास कायद्याची आडकाठी नाही. शिवाय मूकपटाच्या चौकटीचे प्रमाण चारास तीन आणि स्पेक्ट्रमच्या पडद्याचेही चारास तीन, आणि चित्र मुके असल्याने यंत्राच्या एकसुरी भोंग्याची लाजही राखली जाते. असे जमणारे लग्न क्वचितच सापडते. पण मूळ रीळ नाहीसे झाले असते, तर स्पेक्ट्रमवरील नऊशांश चित्रावरून ते पुन्हा उभे करणे ब्रह्मदेवासही शक्य नव्हते. टाकलेले आठशे नव्व्याण्णव भाग परत येत नाहीत.

हेच आपल्या घरांत नित्य घडत आहे. आजोबांच्या एकसष्टीची, आत्याच्या लग्नाची व्हिडिओ-कॅसेट कोणीतरी एकदा अंकीय करून आणतो. ती प्रत कुटुंबाच्या गटात धाडली जाते. धाडताना आणखी बारीक होते. आणि ‘आता फोनवर आहेच की’ म्हणून मूळ कॅसेट दिवाळीच्या साफसफाईत जाते. दोन-चार वर्षांनी फोन बदलला, की हाती राहते ते ठिपक्यांचे धुके. ज्या मुलाने शाळेत स्वतःच्या हातांनी एकदा चित्र छाटले आहे, तो मूळ कॅसेट फेकू देणार नाही, निदान आजीला विचारल्याखेरीज तरी नाहीच. मला या उद्योगाचा सर्वांत मोठा लाभ वाटतो तो हा. परीक्षेत याला गुण नाहीत, याची मला कल्पना आहे.

सुरुवात ‘हरिश्चंद्रा’पासून करू नये, ती फार लांब उडी होईल. फाळक्यांप्रमाणे बीपासून करावी. वाटाण्यास महिना लागतो, आपल्याकडे मूग आहेत. ओल्या कापसावर चार मूग ठेवावेत, मागे काळा कागद लावावा, बाजूस लहानसा दिवा सतत ठेवावा आणि भ्रमणध्वनी स्थिर बसवून दर तासाला एक याप्रमाणे तीन दिवस आपोआप चित्रे घेण्यास लावावे. तीन दिवसांचे तास बहात्तर, चित्रे बहात्तर. एफएफएमपेग नावाच्या मोफत साधनाने प्रत्येक चित्र चौरस कापून ६४ बाय ६४ टिंबांचे व करडे करावे. पुढे साच्याच्या रीतीने ठिपके पेरावेत. एका चित्रास ५१२ बाइट, बहात्तरांस ३६,८६४. पडद्याचे ६,९१२ त्यात मिळविले तरी यंत्रात ५,३७६ बाइट उरतात. चित्रामागून चित्र पडद्यावर आणणारी छोटी आज्ञावली त्यात पाय पसरून बसेल. एवढे लहान चित्र हलविण्यास यंत्राला एका सेकंदाचा तीनशेवा भागच लागतो, म्हणून उरलेला वेळ त्याला चक्क थांबवून ठेवावे लागते. सेकंदास आठ चित्रे दाखविली की मूग नऊ सेकंदांत उगवतो.

हे सारे बाइट आवाजात रूपांतरित करून भ्रमणध्वनीवरूनच तारेने यंत्राच्या कानात ओतता येतात. कॅसेटची गरज नाही. भरणीस सव्वातीन मिनिटे लागतात आणि त्या वेळी जो कर्णकटू आवाज होतो त्यासाठी वर्गाची दारे लावून घ्यावीत हे बरे. येत्या विज्ञान-प्रदर्शनासाठी ज्या विद्यार्थ्यांना हे करून पाहावयाचे असेल त्यांनी जून महिन्यातच तयारीस लागावे, कारण पहिल्या खेपेस कापूस वाळतो, दुसऱ्या खेपेस कोणीतरी दिवा विझवितो आणि तिसऱ्या खेपेस मूग चौकटीच्या बाहेर वाढतो. चौकट आधीच सैल ठेवावी आणि कापसाला पाणी घालणाऱ्याने कुंडी मुळीच हलवू नये. बहात्तर चित्रांपैकी एकात जरी ती बोटभर सरकली, तरी पडद्यावर भूकंप झालेला दिसतो.